मुंग्यांची साखर

टक्.

दुपारचे तीन वाजले होते. इंदू नुकतीच झोपली होती, तिचा एक पाय माझ्या पोटावर. बाहेर उन्हानं अख्खी साखर पेठ निपचित पडलेली. त्या शांततेत स्वयंपाकघरातून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. घरातल्या सगळ्या डब्यांची झाकणं मला आवाजावरून ओळखू येतात. चार वर्षांच्या मुलीच्या आईला यायलाच लागतात. डाळीचं झाकण फस् करतं, पोह्यांचं करकरतं. टक् करणारं एकच. साखरेचं.

मी इंदूचा पाय अलगद उशीवर ठेवला आणि अनवाणी, आपल्याच घरात चोरासारखी, स्वयंपाकघराच्या दारापाशी गेले.

आत्या ओट्यापाशी उभ्या होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, महानंदा. हातात चमचा, चमच्यात साखर.

"मुंग्यांना घालत होते," त्या म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं.

"हो का."

"व्हय. मागच्या दाराला त्यांचं घर हाय."

"मी कुठं काय म्हणाले, आत्या?"

"तोंडानं न्हाई म्हणालीस." त्यांनी मागचं दार उघडलं, गुडघ्यावर हात देऊन वाकल्या आणि चमचा फरशीच्या कडेला रिकामा केला. आत येऊन आणखी एक चमचा नेला. मग झाकण लावलं. टक्. "जा, सांग जा तुझ्या यंत्राला."

त्या बाहेर भाकरीच्या शेडमध्ये गेल्यावर मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. त्या पारदर्शक डब्यावर मी तीन दिवसांपूर्वी पेन्सिलीनं एक बारीक रेघ मारून ठेवली होती. साखर रेघेच्या बोटभर खाली गेली होती.

यंत्र म्हणजे केसवाचक. आमच्या आरोग्य केंद्रात तो फेब्रुवारीत आला. आकारानं खलबत्त्याएवढा, वर एक खाच, पुढं छोटा पडदा. त्याआधी आठ वर्षं मी लोकांच्या खाण्यापिण्याची नोंद वहीत करायचे. "काल दिवसभरात काय काय खाल्लंत?" असं विचारायचं आणि ते सांगतील ते लिहायचं. लोक खोटं बोलत नाहीत, त्यांना आठवत नाही एवढंच. दोन पोळ्या, भाजी, वरणभात हे प्रत्येकालाच आठवतं. जाता जाता उचललेली फरसाणाची मूठ, ऑफिसातला तिसरा चहा, मुलाच्या ताटलीतला शेवटचा घास हे कुणाच्याच डोक्यात राहत नाही. ते पोटात जातं आणि तिथून केसात.

कारण आपण जे खातो त्याचाच केस बनतो. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मानेजवळचा तीन सेंटिमीटर केस म्हणजे तीन महिन्यांचं खाणं, ओळीनं लिहून ठेवलेलं. ते वाचायचं कसं, तर वजनावरून. अन्नातला कार्बन दोन प्रकारचा असतो, हलका आणि अगदी किंचित जड. शंभरात एखादाच जड. गहू, तांदूळ, डाळी, भाज्या ही झाडं हवेतून कार्बन घेताना चोखंदळपणा करतात, जडाला शक्यतो घरात घेत नाहीत. ऊस तसा नाही, तो जडालाही बऱ्यापैकी आत घेतो. म्हणजे केसात जड कार्बन जास्त सापडला तर माणूस साखर खातो. नायट्रोजनचं गणित वेगळं. खाण्याच्या शिडीवर एक पायरी वर गेलं की जड नायट्रोजन वाढतो. गवतापेक्षा शेळीत जास्त, शेळीपेक्षा शेळी खाणाऱ्यात जास्त. म्हणजे त्यावरून मांसाहार कळतो. केसवाचक केस जाळतो, त्याच्या धुरातून प्रकाशाची तिरीप सोडतो, हलके-जड मोजतो, आणि चार मिनिटांत चिठ्ठी बाहेर.

लोकांनी त्या चिठ्ठीला केसपत्रिका म्हणायला सुरुवात केली. महिन्याभरात ती लग्नाच्या माहितीपत्रकाला जोडली जाऊ लागली. एका मुलीनं स्थळ नाकारलं, कारण 'निर्व्यसनी, शाकाहारी' मुलाच्या चिठ्ठीत शनिवारचं मटण स्पष्ट दिसत होतं. आणि साखर तर निम्म्याहून अधिक लोकांच्या चिठ्ठीत अति. त्यातला एकही भांडला नाही. चिठ्ठी हातात पडली की माणूस मान खाली घालायचा, म्हणायचा, "हो हो, परवा बारशाला दोन जिलब्या झाल्या खऱ्या." आपण निर्दोष आहोत असं छातीठोक सांगणारा एकही माणूस तोवर माझ्यासमोर बसला नव्हता.

मग बसल्या त्या आमच्या आत्या.

आत्या कडक भाकरीच्या गटाच्या प्रमुख. अकरा बायका, आमच्याच घरामागच्या शेडमध्ये पहाटेपासून ज्वारीच्या, पापडासारख्या पातळ भाकऱ्या थापतात, तव्यावर वाळवतात. नऊ वर्षं आठ शाळांतली मुलं त्यांच्या हातची भाकरी आणि शेंगाची चटणी खातायत. यंदा शाळा आहार समितीनं नवा नियम काढला: मुलांना खाऊ घालणाऱ्याची स्वतःची केसपत्रिका स्वच्छ हवी. प्रमुखांची आधी, बाकीच्यांची शुक्रवारी, समितीसमोर.

"आधी माझे काप," आत्या ऐटीत खुर्चीवर बसल्या. मागं फुलाबाई, रजिया आणि बाकीच्या गर्दी करून उभ्या. "माझ्यात लपवायसारखं काय न्हाई."

चार मिनिटांनी चिठ्ठी आली. मांसाहार: नाही. साखर: अति.

"राहायला साखर पेठेत, मग काय व्हणार!" फुलाबाई म्हणाली आणि सगळ्या खळाळून हसल्या.

आत्या हसल्या नाहीत. "मी साखर खात न्हाई."

"चहात नसेल घालत, आत्या," मी म्हणाले. "पण दुसरं काही..."

"दुसरं काय बी न्हाई. साखर न्हाई, गूळ न्हाई."

आणि मी, पांढरा कोट घातलेली, दहा बायकांच्या देखत म्हणाले, "आत्या, यंत्र खोटं बोलत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठीची घडी घातली, कमरेच्या पिशवीत ठेवली आणि बाहेर गेल्या. नियम सरळ होता. साखर अति असेल तर तीन महिने मुलांच्या अन्नाला हात लावायचा नाही. शुक्रवारी समितीनं सही केली की ज्या तव्यापाशी त्यांनी नऊ वर्षं काढली त्या तव्यापाशी त्यांना उभं राहता येणार नव्हतं.

घरी माझा नवरा योगी म्हणाला, "आई, खाल्ली असशील तर खाल्ली म्हण की. आम्ही काय पोलीस आहोत?" त्यानं गंमत म्हणून म्हटलं. त्या रात्रीपासून आत्यांनी आमच्याबरोबर जेवायला बसणं सोडलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूनं नेहमीसारखा त्यांच्यापुढं आ केला तेव्हा त्यांनी ताटली माझ्याकडे सरकवली.

"आज्जी, तू भरव ना."

"नको बाई. साखरखाऊ बाईच्या हातचं कशाला? तुझ्या आईला विचार चालतंय का."

इंदूनं माझ्याकडे पाहिलं. मी घास उचलला. तिनं तोंड मिटून घेतलं.

ही झाली सोमवारची गोष्ट. साखरेच्या डब्यावर मी रेघ मारली ती त्याच दुपारी.

गुरुवारपर्यंत माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. आत्या खोटं का बोलतायत? मला त्यांना पकडायचं नव्हतं. मला त्यांना वाचवायचं होतं, पण त्यांनी आधी कबूल करावं अशी माझी अट होती. मी पाहतेय म्हणून दोन चमचे साखर बाहेर ओतली, आणि वर मुंग्यांचं नाव घेतात!

त्याच गुरुवारी दुपारी, आत्या मुंग्यांना साखर घालून शेडमध्ये गेल्यावर, मी कपाटातली एक डबी काढली. त्यात तिच्या जावळाची बट आहे. जावळ काढलं तेव्हा ती वर्षाची होती. माझ्या भावाच्या मांडीवर बसून तिनं अख्खी गल्ली डोक्यावर घेतली होती. सगळे केस आत्यांनी कणकेच्या गोळ्यात घेतले, नदीला सोडायला. एकही मागं ठेवायचा नसतो म्हणाल्या. मी एक बट पदराखाली लपवली. मुळाकडच्या टोकाला लाल दोरा बांधला आणि डबीत ठेवली. तेव्हा का ठेवली ते सांगता आलं नसतं. ते केस माझ्या पोटात उगवले होते, एवढंच.

आता मला वाटलं, यंत्र तपासायचं तर ज्याचं खाणं मला पूर्ण ठाऊक आहे असा केस हवा. आणि जगात असा एकच केस होता. इंदू सातव्या महिन्यात झाली. दीड किलोसुद्धा भरली नव्हती. सव्वा महिना काचेच्या पेटीत. तिथल्या नर्सनं सांगितलं होतं, पोटात जाणारा थेंब न् थेंब लिहून ठेवायचा. मी लिहिला. घरी आल्यावरही सवय सुटली नाही. पहिल्या वर्षाची ती वही अजून माझ्याकडे आहे. पहिले सहा महिने वहीत एकच शब्द आहे, वेळा फक्त बदलतात. दूध, दूध, दूध. माझं.

इंदूला शेजारच्या ताईंकडे झोपवून मी केंद्रावर गेले. बटेतले चार केस घेतले, सेंटिमीटर-सेंटिमीटरचे तुकडे केले, टोकाकडून एकेक खाचेत घातले.

टोकाचा तुकडा, म्हणजे पोटात असतानाचा: मांसाहार नाही. बरोबर. पुढचा: अल्प. त्यापुढचा: नियमित. त्यापुढचा: नियमित, भरपूर. मग हळूहळू उतरत पुन्हा अल्प.

मी चिठ्ठ्या ओळीनं टेबलावर मांडल्या आणि खरं सांगते, पहिला विचार काय आला? आत्यांनी लपवून बाळाला पायाचं सूप तर पाजलं नाही ना! चार दिवसांत माझं मन इतकं बिघडलं होतं. ज्या बाईच्या स्वयंपाकघरात अंड्याचं टरफल कधी आलं नाही, तिच्यावर मी मटणाचा संशय घेतला.

मग वहीचं पान उघडलं. दूध, दूध, दूध. माझंच अक्षर. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं, माझ्या अंगातून गेलं होतं ते. त्या महिन्यांत इंदूच्या पोटात काय गेलं हे माझ्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. आणि यंत्र म्हणत होतं, मांस.

मी केसवाचकाबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक काढलं. आम्हाला शिकवलं होतं ते फक्त पहिली बारा पानं. मागच्या पानांत, मुंगीएवढ्या अक्षरात, उत्तर होतं. अंगावर पिणारं मूल शिडीवर आईच्या एक पायरी वर असतं. आईच्या शरीरानं केलेलं अन्न ते खातं, म्हणून त्याचा केस शिकार करणाऱ्या प्राण्यासारखा दिसतो. शेळी खाणाऱ्या माणसासारखा. माझी लेक वर्षभर माझ्यावर जगली होती आणि केसानं ते इमानानं लिहून ठेवलं होतं. केस खोटं बोललाच नव्हता. त्याचं भाषांतर करणारा तक्ता बावळट होता.

मला हसूही येत होतं आणि डोळेही भरत होते. मी पानं उलटत गेले. तक्ता कुठल्या लोकांवरून केला? गहू आणि तांदूळ खाणाऱ्या दोन मोठ्या शहरांवरून. आणि त्याखाली एक ओळ: जड कार्बन घेणारी इतर पिके, मका, बाजरी, ज्वारी; सदर लोकसंख्येत वापर नगण्य.

ज्वारी. नगण्य.

मी पुस्तक तसंच उघडं ठेवून घरी पळाले.

आत्या शेडमध्ये एकट्या होत्या, उद्याच्या भाकऱ्यांची चवड लावत.

"आत्या, माझं चुकलं."

"कशात? यादी मोठी हाय."

"साखरेत. तुम्ही खरं सांगत होतात. ज्वारी आणि ऊस एकाच वाटेनं कार्बन घेतात. केसात दोन्ही सारखीच दिसतात. तुम्ही तिन्ही वेळा भाकरी खाता, यंत्राला वाटलं साखर खाता."

त्या चवड लावत राहिल्या. "पुस्तकात हाय?"

"हो."

"पुस्तकात असलं म्हणून आलीस व्हय." त्यांनी एक भाकरी उचलली, तिचा तुटका काठ चाचपला. "चार दिवस यंत्राला विचारलंस, पुस्तकाला विचारलंस, डब्यावर रेघ मारून डब्याला बी विचारलंस. मला कुठं विचारलंस?"

रेघ त्यांनी पाहिली होती. मला जमिनीत जावंसं वाटलं. मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"आता विचारते. मुंग्यांना साखर का घालता, आत्या?"

त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पोरगी पेटीत होती तवा सिद्धेश्वराला बोलले होते. तीन वर्षं गोड तोंडाला लावणार न्हाई. माझ्या चहाची दोन चमचे साखर मुंग्यांना. बारक्या जिवासाठी बारक्या जिवांना."

"कधी बोलला नाहीत."

"नवस फिटंपर्यंत बोलायचा नसतो."

"पण तीन वर्षं होऊन गेली की. इंदूला चौथं संपेल आता."

"माझा नवस फिटला गं, गोडाची सवय बी सुटली ती सुटलीच," त्या म्हणाल्या, आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं. "पण मुंग्यांना कोण सांगणार? तीन वाजले की रांग लावून बसत्यात."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. पिठाचा हात माझ्या केसांवरून फिरला.

"उद्या समितीला मी पुस्तक दाखवते," मी म्हणाले.

"बारक्या अक्षराचं पुस्तक कोण वाचतंय? आणि तू माझी सून. सासूला सोडवाया आली म्हणतील." त्या विचार करत होत्या. मग त्यांनी तो तुटका काठ माझ्या हातात ठेवला. "मला कशाला विचारता म्हणावं. भाकरीलाच विचारा की."

शुक्रवारी समितीचे डॉक्टर मुजावर आले. तरुण, चष्मा, कपाळावर घाम, हातात सह्यांचे कागद. बायका भिंतीला धरून बसल्या. रजियाचे केस पहिले.

साखर: अति.

रजियानं लगेच मान खाली घातली. "डॉक्टरसाब, ईदचा शीरखुर्मा..."

"ईद होऊन तीन महिने झाले, रजियाबी."

"मग माझ्या भाचीच्या साखरपुड्याची जिलेबी असेल."

फुलाबाई: साखर अति. तिनं तर न विचारताच तीन लाडू आणि अर्धा पेढा कबूल केला. तिसरी, चौथी, पाचवी. प्रत्येकीला काही ना काही आठवत होतं. डॉक्टरांचा चेहरा उतरत चालला. "अहो, सगळ्याच? मग आठ शाळांना भाकरी कोण देणार?"

"डॉक्टर, एक नमुना राहिलाय," मी म्हणाले आणि कडक भाकरीचा तुकडा पुढं केला.

"हा केस नाही."

"जळाल्यावर सगळ्याचा धूरच होतो. बघा तर."

त्यांनी खांदे उडवले आणि तुकडा खाचेत टाकला. ती चार मिनिटं एकही बाई हलली नाही. चिठ्ठी आली. डॉक्टरांनी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

"काय म्हणतीय भाकरी?" आत्यांनी विचारलं.

"साखर... अति."

"अगं बाई! तिनं कुणाच्या साखरपुड्यात जिलेबी खाल्ली?"

अख्खी खोली फुटली. डॉक्टर मात्र हसले नाहीत, ते आता खरंच विचारात पडले होते. त्यांनी स्वतःच्या डब्यातली गव्हाची पोळी काढली, तुकडा टाकला. साखर: नाही. मग मी खोकल्याच्या औषधांच्या फळीवरची मधाची बाटली पुढं केली. मध फुलांचा आणि फुलं चोखंदळ झाडांची, हे मी आदल्या संध्याकाळीच त्या पुस्तकात वाचलं होतं, पण बोलले नाही. डॉक्टरांनी काडीवर थेंब घेतला.

साखर: नाही.

"मध गोड न्हाई म्हणतंय," आत्या म्हणाल्या, "आणि भाकरी गोड म्हणतंय. डॉक्टर, आमचे केस ऱ्हाऊ द्या. आधी ह्याची जीभ तपासा."

आता डॉक्टर मुजावर हसले. हसता हसता खुर्चीत बसले. मी पुस्तकातली ती ओळ दाखवली आणि ती त्यांनी दोनदा वाचली, बोट ठेवून. मग सह्यांचे कागद बाजूला सारले आणि कोरा कागद घेतला. "साखरेचा रकाना मी थांबवतो. निदान इथं तरी. पण नुसता थांबवून भागणार नाही, आपला तक्ता आपल्याला करावा लागेल. इथल्या माणसांचा. रोज किती भाकऱ्या, किती चहा, किती साखर, सगळं विचारून. विचारणार कोण?"

"ही विचारंल," आत्यांनी माझ्याकडे हनुवटी केली. "तिला आता विचारता येतंय."

"सुरुवात तुमच्यापासून करू, महानंदाबाई. दिवसाला किती भाकऱ्या?"

"पाच."

"साखर?"

"न्हाई."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. यंत्राकडे बघितलंसुद्धा नाही.

"आणि डॉक्टर," फुलाबाई दबक्या आवाजात म्हणाली, "ते लाडू मी खरंच खाल्ले होते. ते लिहायचं का?"

त्या संध्याकाळी आत्या आमच्यात जेवायला बसल्या. योगी आला तसा त्यांच्या पाया पडला. त्यांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि प्रकरण मिटलं. इंदू त्यांच्या मांडीवर. दूध-भाकरीचा घास तिच्या तोंडाशी नेताना त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"चालतंय का, मॅडम?"

"आत्या!"

"विचारलेलं बरं."

इंदूनं घास मटकावला. जेवणं झाल्यावर ती माझ्या पिशवीत काही खाऊ आहे का बघायला गेली आणि डबी घेऊन आली. "हे काय?"

आत्यांनी लाल दोरा पाहिला, बट पाहिली, मग मला. "सगळे नदीला सोडले होते न्हवं?"

"एक राहिली होती, आत्या."

"राहिली व्हय." त्या मुद्दाम सावकाश मान हलवत म्हणाल्या. "ह्या घरात सगळ्यांच्या डब्या हायती म्हणजे." आणि बोटाच्या टोकानं त्या केसांना हात लावला, जणू ते अजून पेटीतल्या त्या एवढ्याशा डोक्यावरच होते.

"हे तुझे केस, इंदू," मी म्हणाले. "तू बाळ होतीस तेव्हाचे. यंत्रानं ते वाचले."

"काय म्हणालं?"

"म्हणालं, हे बाळ वाघाचं पिल्लू आहे. हे आईला खातं."

इंदूचे डोळे मोठे झाले. "मी तुला खाल्लं?"

"थोडं थोडं. रोज. दूध होऊन मी तुझ्या पोटात जायचे. त्याचेच हे केस झाले, तुझी नखं झाली, हे गाल झाले."

इंदूनं डबी खाली ठेवली. मग माझ्याजवळ आली. आधी माझे हात पाहिले, दहाही बोटं मोजली. दोन्ही कान चाचपले. नाक धरून पाहिलं. पदर उचलून पोट पाहिलं. माझ्याभोवती एक चक्कर मारली, पाठ तपासली, आणि पुन्हा समोर येऊन उभी राहिली.

"तू तर सगळीच्या सगळी आहेस," ती म्हणाली. "मग मी तुझं काय खाल्लं?"